वाटेतला दगड

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. पुढे चालणाऱ्याचा पाय दगडाला अडखळला, की मागचा सावध होतो, जपून पाऊल टाकतो आणि सुखरूप पुढे जातो. म्हणीतला उपदेश खरा आहे. परंतु थोडा विचार केला, तर तिच्यात एक उणीव राहून गेल्याचे ध्यानात येते. मागचा शहाणा झाला आणि वाचला. दगड मात्र जागच्या जागीच राहिला. संध्याकाळी अंधारात त्याच वाटेने कोणी पाण्याची घागर घेऊन येईल, उद्या सकाळी शाळेला उशीर झालेले एखादे मूल धावत येईल, परवा एखादी वृद्ध आजी काठी टेकीत येईल. यांपैकी कोणीही पुढच्याला लागलेली ठेच पाहिलेली नसेल. मग खरे शहाणपण कोणते? आपण तेवढे जपून चालणे, की क्षणभर थांबून तो दगड उचलून वाटेच्या कडेला टाकणे?

वाटेतला एखादा लहान दगड एकट्यालाही उचलता येतो. परंतु काही दगड फार मोठे असतात. ते उचलण्यास साऱ्या गावाचे, कधी साऱ्या राज्याचे बळ लागते. शिवाय असे कितीतरी दगड डोळ्यांना दिसतही नाहीत. उंच इमारतीची उघडी खिडकी, यंत्राचे उघडे तोंड, रस्त्याच्या कडेला अंधारात उभा असलेला मालमोटारीचा सांगाडा हे सारे असेच दगड होत. ते शोधून काढणे आणि दूर करणे हे सार्वजनिक आरोग्याच्या कार्याचे एक मोठे अंग आहे. रोग होऊ नये म्हणून सरकार लस टोचते, पाणी शुद्ध करते. त्याचप्रमाणे माणसांना इजा होऊ नये म्हणूनही त्याला झटावे लागते.

एखादे मूल गच्चीवरून पडले किंवा एखाद्या शेतकऱ्याचा हात यंत्रात सापडला, की चार माणसे हळहळतात आणि ‘त्याच्या नशिबातच होते’ असे म्हणून आपापल्या कामाला लागतात. पूर्वी देवी आणि पटकी या रोगांविषयीही माणसे असेच बोलत. गावात पटकीची साथ आली, तर तो दैवी कोप समजला जाई. हा समज कसा दूर झाला, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८५४ साली लंडन शहराच्या सोहो नावाच्या भागात पटकीची भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टराने घरोघर फिरून मृत्यूंची नोंद केली. कोण कोठे राहत होते आणि कोठले पाणी पीत होते, याची त्याने चौकशी केली. तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झाल्याचे त्याला आढळले. पटकीचे जंतू त्या काळी डॉक्टरांच्या परिचयाचे झालेले नव्हते. तरीही स्नोने आपला पुरावा तेथील अधिकाऱ्यांपुढे मांडला आणि त्यांनी त्या पंपाचा दांडा काढून टाकला. दूषित पाण्याची ती वाट बंद झाली.

या गोष्टीत सार्वजनिक आरोग्याची सारी रीत आली आहे. आधी नोंद करावी, मग कारण शोधावे, नंतर उपाय योजावा आणि शेवटी त्या उपायाने गुण आला की नाही हे पुन्हा मोजून पाहावे. नुसते हळहळून दुःख कमी होत नाही. मोजल्याने त्याचे कारण सापडते.

पटकीला जंतू कारण असतो. मग इजेला कारण काय? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी एका शब्दात दिले आहे. तो शब्द म्हणजे ऊर्जा. माणसाच्या शरीराला ठरावीक मर्यादेपर्यंतच ऊर्जा सोसते. त्या मर्यादेपलीकडची ऊर्जा एकाएकी शरीरावर येऊन आदळली, की हाड मोडते, कातडी भाजते, रक्तवाहिनी फुटते. उंचावरून पडणाऱ्या मुलाच्या अंगी गतीची ऊर्जा असते. उकळत्या पाण्यात उष्णतेची ऊर्जा असते. उघड्या तारेतून विजेची ऊर्जा वाहत असते. गतीच्या ऊर्जेचा तर एक विलक्षण नियम आहे. वेग दुप्पट झाला, की ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारी मोटार साठ किलोमीटर वेगाने जाऊ लागली, तर तिच्या धडकेतील ऊर्जा चारपट वाढते. वेगाच्या मर्यादेची पाटी रस्त्यावर उभी असते, ती याच कारणासाठी.

एक साधे उदाहरण पाहू. अंडे हातातून दगडी फरशीवर पडले, तर तत्क्षणी फुटते. तेच अंडे तेवढ्याच उंचीवरून गव्हाच्या राशीवर पडले, तर बहुधा फुटत नाही. दोन्ही वेळा अंडे पडलेच. परंतु राशीतले दाणे बाजूला सरले, अंडे थांबायला किंचित अधिक वेळ आणि अधिक जागा मिळाली आणि आघाताचा जोर एका ठिकाणी न पडता पसरला. दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचे, म्हणजे हेल्मेटचे कार्य नेमके असेच असते. त्याच्या कठीण कवचाच्या आत जाड, हलका आणि दबणारा थर असतो. आघात झाला, की तो थर स्वतः चिरडला जातो आणि मस्तकावर येणारा भार आपल्या अंगावर घेतो. म्हणूनच एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून चांगले दिसले, तरी पुन्हा वापरावयाचे नसते. त्याने आपले कार्य पुरे केलेले असते. आणि म्हणूनच त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट बांधणेही अगत्याचे असते. कारण पट्टा मोकळा राहिला, तर आघाताच्या आधीच शिरस्त्राण डोक्यावरून उडून जाते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. अपघात आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघात टाळता आला तर उत्तमच. परंतु तो टळला नाही, तरी इजा टाळता येणे शक्य असते. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅडन यांनी या विचाराला व्यवस्थित रूप दिले. १९६६ साली त्या देशात मोटारींच्या आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेविषयी कायदे झाले, तेव्हा त्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचे ते पहिले प्रमुख होते. प्रत्येक अपघाताचे त्यांनी तीन काळ मानले: अपघातापूर्वीचा, प्रत्यक्ष अपघाताचा आणि अपघातानंतरचा. या प्रत्येक काळात तीन गोष्टींचा विचार करावा, असे त्यांनी सुचविले: माणूस, वस्तू आणि परिसर. तीन काळ आणि तीन गोष्टी मिळून नऊ घरांचा एक तक्ता तयार होतो. त्या नऊ घरांपैकी कोठे काय करता येईल, हे शोधीत गेले, म्हणजे ‘नशीब’ म्हणून हात जोडून बसण्याचे कारण उरत नाही. त्या काळी मोटारींच्या अपघातात सुकाणूचा कठीण दांडा चालकाच्या छातीत घुसत असे. ‘जपून चालवा’ असे चालकाला सांगितले, म्हणून तो दांडा मऊ होत नाही. सरकारने नियम केला, तेव्हा मोटारी तयार करणाऱ्यांनी धडकेत आपोआप दबणारा दांडा बसविला. माणसाच्या स्वभावात बदल न होताही त्याचे प्राण वाचू लागले.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहण्यासाठी न्यूयॉर्क शहरातील एका मोहिमेची हकीकत जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

न्यूयॉर्क हे उत्तुंग इमारतींचे शहर. त्यातील अनेक जुन्या चाळवजा इमारतींतून गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत. उन्हाळ्यात त्या लहान खोल्या तापत आणि वारा यावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. घरातील दोन-तीन वर्षांचे मूल खुर्चीवर किंवा पलंगावर चढून बाहेर डोकावून पाही आणि पाहता पाहता तोल जाऊन खाली कोसळे. लहान मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. त्यामुळे ते पुढे वाकले, की सहज उलटे होते. अशी दुर्घटना घडली, की शेजारीपाजारी आईलाच दोष देत. मुलाकडे लक्ष द्यायला नको का, असे म्हणत. परंतु जिला स्वयंपाक करावयाचा आहे, धुणे धुवावयाचे आहे आणि दुसऱ्या तान्ह्या बाळाकडेही पाहावयाचे आहे, ती आई एकाच मुलावर अष्टौप्रहर नजर कशी ठेवणार? मुलाला पडण्यास क्षणभर पुरतो. आईला मात्र दिवसातील प्रत्येक क्षण राखावा लागतो.

शहराच्या आरोग्य खात्याने १९७२ साली या प्रश्नात लक्ष घातले. खात्याने सुरू केलेल्या मोहिमेला मोठे सुंदर नाव देण्यात आले. ते म्हणजे ‘मुलांना उडता येत नाही’. मोहिमेचे चार भाग होते. पहिला भाग नोंदीचा. खिडकीतून मूल पडल्याचे कळताच रुग्णालयांनी व पोलिसांनी ती गोष्ट आरोग्य खात्याला कळवावयाची. दुसरा भाग भेटीचा. खबर मिळाली, की आरोग्य खात्याची परिचारिका त्या घरी जाई. ती आईला धीर देई, खिडकीची व खोलीची पाहणी करी आणि दुर्घटना कशी घडली याची सविस्तर नोंद करी. तिसरा भाग लोकशिक्षणाचा. वृत्तपत्रे, पत्रके आणि सभा यांच्या द्वारे लोकांना धोक्याची जाणीव करून देण्यात आली. चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा होता. ज्या वस्त्यांतून मुले पडण्याचा धोका अधिक, तेथील लहान मुले असलेल्या कुटुंबांना खिडकीला बसविण्याचे आडवे गज आरोग्य खात्याने विनामूल्य वाटले. ते बसविणे अगदी सोपे होते.

गज ही वस्तू दिसावयास किती साधी! परंतु तिच्यामागेही विचार होता. दोन गजांमधील अंतर इतके कमी हवे, की मुलाचे अंग त्यातून निसटू नये. खिडकीत साडेचार इंचांहून अधिक फट राहता कामा नये, असे त्या शहराच्या नियमात सांगितले आहे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा जिना ज्या खिडकीला लागून असतो, त्या खिडकीला मात्र गज लावावयाचे नसतात. आग लागली, तर माणसांना तेथूनच सुटका करून घ्यावयाची असते. एक धोका टाळताना दुसरा निर्माण होऊ नये, याचीही अशी काळजी घ्यावी लागते.

या प्रयत्नांचे फळ काय मिळाले? खात्याने पुन्हा मोजणी केली. शहराच्या ब्राँक्स नावाच्या विभागात १९७३ ते १९७५ या अवधीत खिडकीतून मुले पडल्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. गज बसविलेल्या खिडकीतून तर एकही मूल पडल्याचे आढळले नाही. उपाय गुणकारी असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा १९७६ साली शहराने पुढचे पाऊल टाकले. दहा वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल ज्या घरात राहते, त्या घराच्या खिडक्यांना इमारतीच्या मालकाने गज बसविलेच पाहिजेत, असा नियम करण्यात आला. अमेरिकेतील असा हा पहिला नियम होय. जी जबाबदारी आजवर थकल्याभागल्या आईच्या डोळ्यांवर होती, ती आता लोखंडी गजावर आणि कायद्यावर आली. आईने लक्ष द्यावयाचे नाही असा याचा अर्थ नव्हे. तिचे लक्ष क्षणभर चुकले, तर त्या चुकीची शिक्षा मुलाच्या प्राणांनी भरावी लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशात उंच इमारतींपेक्षा शेतांची संख्या फार मोठी. तेव्हा आपल्याकडचे दगडही शेताच्या वाटेवर आढळावेत, यात नवल नाही. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या भागांत गव्हाचे पीक उदंड येऊ लागले. बैलांच्या पायांखाली एवढे धान्य मळणे अशक्य झाले आणि गावोगावी शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे आली. सुगीच्या दिवसांत ही यंत्रे रात्रंदिवस चालत. यंत्राच्या तोंडात पेंढ्या सारणारा मजूर अर्धवट झोपेत असे, प्रकाश अपुरा असे आणि यंत्राचे तोंड उघडे व आखूड असे. पेंढीबरोबर हात आत ओढला गेला, की क्षणार्धात मनगट, कधी कोपरापर्यंतचा हात नाहीसा होई. १९७० नंतरच्या वर्षांत अशा दुर्घटना इतक्या घडू लागल्या, की त्यांकडे डोळेझाक करणे अशक्य झाले.

येथेही दोन मार्ग होते. ‘मजुरांनी सावध राहावे’ एवढे सांगून थांबावे, हा पहिला. परंतु अठरा तास काम केलेला माणूस किती सावध राहू शकतो? दुसरा मार्ग यंत्राचे तोंड बदलण्याचा होता. पेंढी सारण्याची पन्हळ पुरेशी लांब केली आणि तिचा आतला भाग वरून झाकला, तर मजुराचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचूच शकत नाही. मळणी यंत्राची पन्हळ कशी असावी, याचे राष्ट्रीय मानक ठरविण्यात आले. पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संमत केला. सुरक्षित नसलेली यंत्रे तयार करून विकण्यास त्याने आळा घातला. तसेच यंत्रावर काम करताना ज्याला इजा झाली, त्याला नुकसानभरपाई मिळावी अशीही तरतूद केली.

शेतकऱ्याच्या अंगणातील कडबाकुट्टी यंत्राची कथा मुलांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. गुरांचा चारा बारीक करणाऱ्या या यंत्राला मोठे चाक असते आणि चाकाला धारदार पाती असतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी उत्तर भारतातील खेड्यांत जाऊन शेतीकामातील इजांच्या नोंदी घेतल्या. कडबाकुट्टीमुळे मुलांच्या बोटांना आणि हातांना इजा होतात, हे त्यांना आढळले. त्यांपैकी काही इजा चारा कापताना होत. तर काही यंत्र बंद असताना मुले खेळण्यासाठी चाक फिरवीत, तेव्हा होत. एक मूल चाक फिरवी आणि दुसऱ्याचे बोट पात्याखाली सापडे. संशोधकांनी उपाय शोधले, तेही अगदी साधे आणि स्वस्त. काम संपल्यावर चाक जागच्या जागी जखडून ठेवणारा एक खिळा, पात्याला झाकणारे एक आच्छादन आणि हात पात्याकडे सरकू लागताच त्याला अटकाव करून सावध करणारा पन्हळीतील एक रूळ. एवढ्याशा खिळ्याने एखाद्या मुलाची बोटे शाबूत राहू शकतात, आणि त्या बोटांनी ते मूल पुढे काय काय घडवील, हे कोणी सांगावे?

परंतु आजच्या भारतात सर्वांत मोठा दगड कोणता असेल, तर तो रस्त्यावरचा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दर दिवसाची सरासरी काढली, तर ती साडेचारशेहून अधिक भरते. आकडा वाचताना डोळे सहज पुढे सरकतात. पण त्यातील प्रत्येक एककामागे एक घर आहे, त्या घरात वाट पाहणारे कोणीतरी आहे, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातील मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. सह्याद्रीचा घाट ओलांडून जाणारा हा मार्ग प्रवासाला सोयीचा ठरला. परंतु त्यावरील भीषण अपघातांनी त्याला दुर्लौकिकही मिळाला. २०१६ साली या मार्गावर १५१ माणसांचे प्राण गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून हा मार्ग मृत्यूरहित करण्याचा संकल्प सोडला. रीत तीच, जॉन स्नोची. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी झाली. वाहन कशावर आदळले, माणसाला कशाने इजा झाली, हे शोधण्यात आले. कोठे पुलाचा कठीण खांब उघडा होता, तेथे वाहनाला अडवून वळविणारे कठडे बसविले गेले. कोठे बंद पडलेल्या मालमोटारी कडेला उभ्या राहत, त्या तत्काळ हलविण्याची व्यवस्था झाली. वेग मोजून बेफाम चालकांवर कारवाई होऊ लागली. २०१९ साली मृतांचा आकडा ९२ वर आला. संकल्प पूर्णत्वास गेला असे म्हणता येणार नाही, कारण ९२ हा आकडाही लहान नव्हे. तथापि तीन वर्षांत जे अंतर कापले गेले, त्याने ‘घाटाचा रस्ता, अपघात व्हायचेच’ ही समजूत खोटी ठरविली.

अपघातानंतरचा काळही तितकाच मोलाचा असतो. जखमी माणसाला पहिल्या तासाभरात योग्य उपचार मिळाले, तर त्याचे प्राण वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करताच रुग्णवाहिका येण्याची सोय झाली आहे. पूर्वी रस्त्यावर विव्हळत पडलेल्या माणसाला उचलावयास लोक धजत नसत. पोलीस आपल्यालाच प्रश्न विचारतील, न्यायालयाचे हेलपाटे पडतील, अशी त्यांना भीती वाटे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बळकटी दिली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद करण्यात आली. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. भीतीमुळे माणुसकी मागे सरत होती. कायद्याने तिची वाट मोकळी केली.

तरीही नुसत्या कायद्याने सारे साधते, असे समजणे चुकीचे होईल. काम लवकर उरकावे म्हणून यंत्रावरील आच्छादन काढून टाकणारे शेतकरी आहेत. पोलीस दिसताच शिरस्त्राण घालणारे आणि पुढच्या वळणावर ते आरशाला अडकविणारे दुचाकीस्वार आहेत. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती कौतुकाने वाहन देणारे पालकही आहेत. चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर शिरस्त्राण घातले पाहिजे, असे कायदा सांगतो; परंतु वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे बसलेल्या मुलाचे डोके उघडे, असे दृश्य शाळेच्या दारात रोज दिसते. दगड उचलण्याचे काम सरकारने करावे हे खरे. पण उचललेला दगड आपणच पुन्हा वाटेत आणून ठेवू नये, एवढे तर प्रत्येकाला करता येईल.

मुलांनाही या कार्यात वाटा उचलता येतो. आपल्या शाळेच्या आवारात, घरात आणि गल्लीत कोणकोणते दगड आहेत, हे त्यांना मोठ्या माणसांपेक्षा अधिक ठाऊक असते. विहिरीचा कठडा कोठे ढासळला आहे, गच्चीची भिंत कोठे ठेंगणी आहे, विजेची तार कोठे लोंबते आहे, कीटकनाशकाची बाटली कोणाच्या घरी पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली असते, हे मुलांच्या नजरेला अचूक दिसते. ते पाहून स्वतः जपून जाणे हे पहिले शहाणपण. आणि ते शिक्षकांच्या, पालकांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कानी घालणे हे दुसरे, अधिक मोठे शहाणपण.

या कार्याची एक गंमत अशी, की ते सफल झाले म्हणजे काहीच घडत नाही. वैद्याने रोग बरा केला, तर रोगी त्याचे उपकार आठवतो. परंतु ज्या मुलाला इजाच झाली नाही, त्याला आपण कशातून वाचलो हे कधी कळतही नाही. न्यूयॉर्कच्या चाळीतील ती मुले आज प्रौढ झाली आहेत. लहानपणी उन्हाळ्याच्या एखाद्या दुपारी आपण खिडकीतून वाकलो, आपले डोके गजाला टेकले आणि आपण मागे फिरून खेळू लागलो, हे त्यांच्यापैकी कोणाला आठवतही नसेल. त्यांच्या नावाचा कोठे सत्कार झाला नाही आणि गज बसविणाऱ्यांच्या गळ्यात कोणी हारही घातला नाही. वाटेतला दगड ज्याने उचलला, त्याचे नाव वाटसरूला ठाऊक नसते. वाटसरू मात्र रात्री सुखरूप घरी पोचलेला असतो.